मित्राची गोळी लागू पडली, म्हणजे मला एडीएचडी आहे का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काही चुकीचं समजलो असेन तर तुमच्या लक्षात येईल. तुम्ही २६ वर्षांचे आहात आणि नोकरी सांभाळून एका मोठ्या परीक्षेची तयारी करताय. तुमच्या मित्राला एडीएचडीसाठी, म्हणजे लहानपणापासून लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं कठीण करणाऱ्या अवस्थेसाठी, मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक औषध चालू आहे, १० मिलिग्रॅमची साधी गोळी. त्याने दिलेल्या गोळ्या तुम्ही गेल्या तीन महिन्यांत आठ-नऊ वेळा घेतल्यात, डॉक्टरांना न विचारता. पट्टीत अजून चार शिल्लक आहेत. अशी अधूनमधून घेतली तर चालेल का, आणि पुढे डॉक्टरांकडे गेलात तर हे सांगावं की दडवावं, असं तुम्ही विचारलंय.

पण हे लिहिता लिहिता तुम्ही एक वाक्य टाकून गेलात: "पहिल्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदाच डोकं शांत झाल्यासारखं वाटलं." तुमचा खरा प्रश्न मला तिथे दिसतो. मला खरंच काही आहे का, आणि इतकी वर्षं मी स्वतःला आळशी म्हणत आलो तो अन्याय होता का, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. लक्ष लागत नाही ही तक्रार घेऊन येणारी मोठी माणसं रोज माझ्यासमोर बसतात, आणि हे वाक्य मी अनेकदा ऐकलंय. ते बोलताना माणसाचा गळा दाटून येतो हेही पाहिलंय. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

गोळी लागू पडली एवढ्यावरून एडीएचडी आहे असं ठरत नाही. मित्राला जे औषध चालतं तेच मला चाललं, म्हणजे जे त्याला आहे तेच मला असणार, हा हिशोब अगदी सरळ वाटतो. एके काळी डॉक्टरही तसाच करत. १९३७ साली चार्ल्स ब्रॅडली या अमेरिकन डॉक्टरांनी वागणुकीच्या अडचणी असलेल्या मुलांना बेन्झेड्रीन नावाचं अ‍ॅम्फेटामिन दिलं, आणि त्यांतली बरीच मुलं शांत झाली, अभ्यासात रमली. उत्तेजक औषधाने मूल शांत व्हावं हे इतकं उलटं होतं की त्यातून एक समज रुजला: ज्याला या औषधाने शांत वाटतं, त्याच्या मेंदूतच काहीतरी वेगळं असणार. पुढे १९७८ मध्ये ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच जातीचं औषध कसलीही तक्रार नसलेल्या १४ मुलांना एकेक वेळा देऊन पाहिलं. त्यांचीही चुळबुळ कमी झाली, त्यांचंही लक्ष वाढलं. त्या समजाला तेव्हाच आधार उरला नाही, तरी लोकांच्या मनात तो आजही घट्ट आहे.

असं का होतं, तर मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप देताना डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन बाहेर सोडतात आणि काम झालं की ती परत आत ओढून घेतात. मिथाइलफेनिडेट ही परतीची वाट अडवतं, त्यामुळे दोन्ही रसायनं जास्त वेळ बाहेर राहतात. अ‍ॅम्फेटामिन त्याच्या पुढे जाऊन ती जास्त सोडायलाही लावतं. हे निदान बघून घडत नाही, कोणाच्याही मेंदूत घडतं. समोरचं काम एकदम करण्याजोगं वाटू लागतं, कंटाळा मागे हटतो, झोप पळते.

त्यातली झोप मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. नोकरी आणि अभ्यास दोन्ही ओढताना तुम्ही किती तास झोपता हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझ्याकडे आलेल्या एका तरुणाचं पहिलं वाक्य जवळपास तुमचंच होतं. मी त्याला दोन आठवडे वहीत फक्त झोपायची आणि उठायची वेळ लिहायला सांगितली. वही उघडली तर रोजची सरासरी पावणेपाच तास. महिनाभराने, सात तास झोपायला लागल्यावर, तोच मला म्हणाला, "डॉक्टर, डोकं आता तसंच वाटतं, गोळीशिवाय." त्याला एडीएचडी नव्हता. तुमचंही तसंच असेल असं मी म्हणत नाही. पण अपुऱ्या झोपेतला मेंदू आणि एडीएचडी असलेला मेंदू, दोघांनाही ही गोळी घेतल्यावर सुटल्यासारखं वाटतं, आणि आतून पाहणाऱ्याला त्यातला फरक कळत नाही.

दुसरी गोष्ट, वाटणं आणि होणं यांत अंतर असतं. २०२३ मध्ये मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी ४० निरोगी तरुणांना एक कोडं सोडवायला दिलं. ठरावीक वजन पेलणाऱ्या पिशवीत जास्तीत जास्त किमतीच्या वस्तू कशा बसवायच्या, असं ते कोडं. एकदा मिथाइलफेनिडेट देऊन, एकदा डेक्स्ट्रोअ‍ॅम्फेटामिन, एकदा झोप पळवणारं मोडाफिनिल आणि एकदा नुसती खोटी, म्हणजे औषध नसलेली गोळी देऊन. औषध घेतलेल्या दिवशी लोकांनी जास्त वेळ घालवला, वस्तू जास्त वेळा आत-बाहेर केल्या, म्हणजे मेहनत भरपूर केली. पण त्या मेहनतीचा दर्जा घसरला. खोटी गोळी घेऊन ज्यांनी सरासरीपेक्षा चांगलं केलं होतं, ते मिथाइलफेनिडेटवर सरासरीच्या खाली येताना दिसले.

हे मी दवाखान्यातही पाहतो. प्रबंध लिहिणारी एक मुलगी मैत्रिणीच्या गोळ्या घेत होती. ती मला अभिमानाने म्हणाली, की रात्रभर उठले नाही, सलग नऊ तास काम केलं. काय काम झालं, असं मी विचारलं. तिने लॅपटॉप उघडून दाखवला. संदर्भांची यादी तीन वेळा वेगवेगळ्या पद्धतीने लावलेली, तक्त्यांचे रंग जुळवलेले, आणि ज्या प्रकरणाची तिला भीती वाटत होती ते जिथल्या तिथे, दीड पानावर. ती गप्प झाली. गोळी लक्ष देते, पण ते कुठे लावायचं हे सांगत नाही. आठ-नऊ वेळांपैकी किती वेळा तुम्ही ठरवलेलाच धडा पुरा केलात आणि आठवड्याने त्यातलं किती आठवलं, हे एकदा शांतपणे आठवून बघा. उत्तर तुमच्या बाजूने आलं तरी हरकत नाही, पण आठवून बघा.

आता धोक्याबद्दल. इथे मला तुमच्याबद्दल जे माहीत नाही ते माझ्या उत्तरापेक्षा मोठं आहे. हृदयाचा एखादा जन्मजात दोष, कुटुंबात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू, वाढलेलं बीपी, थायरॉइड जास्त असणं, काचबिंदू, पूर्वी कधी आलेला उन्मादाचा झटका, सख्ख्या नात्यात बायपोलर (मनाच्या टोकाच्या चढ-उतारांचा आजार) किंवा स्किझोफ्रेनिया (भास-भ्रमांचा आजार), चालू असलेली इतर औषधं. यांतलं काहीही नसेल आणि दहा मिलिग्रॅम कधीतरी घेतली असेल, तर बहुतेक निरोगी तरुणांना भूक मरणं, तोंड कोरडं पडणं, धडधड, चिडचिड आणि रात्री छताकडे बघत पडणं यापलीकडे काही होत नाही. हे मी लपवणार नाही, कारण तुम्ही आठ-नऊ वेळा घेऊन धडधाकट आहात आणि मी भलतं घाबरवलं तर माझ्या पुढच्या शब्दावरही तुमचा विश्वास बसणार नाही. पण यांतलं एखादं असेल तर चित्र पार बदलतं, आणि ते आहे हे अनेकांना माहीतच नसतं.

असाच एक प्रसंग सांगतो, ओळख पटेल असे तपशील बदलून. परीक्षेच्या दिवसांत रूममेटच्या गोळ्या घेणारी एक मुलगी. चौथ्या दिवशी तिने झोपणंच सोडलं. सहाव्या दिवशी ती इतक्या वेगाने बोलत होती की तिच्या भावाला एक वाक्यही मध्ये घालता येईना, आणि प्राध्यापक आपल्याला खुणा करून प्रश्न सांगतायत अशी तिची खात्री झाली होती. भरती करावं लागलं. नंतर कळलं की मावशीला बायपोलर होता आणि घरात त्याबद्दल कधी कोणी बोललेलं नव्हतं. गोळीने आजार निर्माण केला असं मी म्हणणार नाही, पण दार तिने उघडलं. मी ही औषधं लिहून देण्याआधी नातेवाइकांच्या आजारांबद्दल पाच मिनिटं खोदून विचारतो ते यासाठीच.

डॉक्टरांची चिठ्ठी म्हणजे औषध विकत घेण्याचा परवाना, असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर तिच्यामागे एक सगळा क्रम असतो. औषध सुरू करण्याआधी नाडी, बीपी आणि वजन मोजायचं, हृदयाची विचारपूस करायची, गरज वाटली तर ईसीजी. मग अगदी कमी डोस, आठवड्या-आठवड्याने थोडा वाढवायचा, दर वेळी पुन्हा बीपी. तुमच्या मित्राचे १० मिलिग्रॅम हे त्याच्यासाठी असे मोजून आलेले आहेत. त्याला पहिल्या भेटीत जे सांगितलं गेलं असेल, ते गोळीबरोबर तुमच्यापर्यंत आलेलं नाही. उदाहरणार्थ, सर्दीच्या काही गोळ्यांमध्ये नाक मोकळं करणारं स्यूडोएफेड्रिन असतं, तेही बीपी आणि नाडी वाढवतं. एमएओ इन्हिबिटर गटातली (मुख्यतः नैराश्यावरची जुनी) औषधं आणि मिथाइलफेनिडेट यांच्यात किमान १४ दिवसांचं अंतर लागतं. दारूबरोबर घेतली तर आपल्याला चढलीय हे कळतच नाही, आणि माणूस पीत राहतो. साध्या गोळीचा असर तीन-चार तास टिकतो, पण त्याच औषधाच्या हळूहळू सुटणाऱ्या गोळ्याही येतात, आठ ते बारा तास चालणाऱ्या. मित्राची गोळी कधी बदलली आणि तुम्हाला कळलंच नाही, तर दुपारी घेतलेली गोळी मध्यरात्रीपर्यंत डोळे मिटू देणार नाही. हळूहळू सुटणारी गोळी फोडली, चावली किंवा कुटली तर दिवसभराचा डोस एकदम अंगात उतरतो.

सवयीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मला बोललंच पाहिजे. ती कशी लागते ते मी इतक्या वेळा ऐकलंय की क्रम पाठ झालाय. आधी गोळी फक्त परीक्षेच्या आदल्या दिवशी. मग जड धड्यासाठी. मग एका दुपारी असर उतरल्यावर अंग गळून जातं, मन उदास होतं, रात्री झोप येत नाही, दुसऱ्या दिवशी डोकं चालत नाही, आणि ते न चालणं हेच पुढच्या गोळीचं कारण होतं. माणूस तेव्हा म्हणतो, "बघा, गोळीशिवाय माझं लक्ष लागतच नाही." तो खोटं बोलत नसतो. फक्त कालच्या गोळीची किंमत तो आज मोजत असतो आणि तिला जन्मापासूनचा आजार समजतो. तीन महिन्यांत आठ-नऊ वेळा हे या वाटेवरचं पहिलंच वळण आहे. पण त्या आठ-नऊ वेळा कशा पसरल्यात हे बघा. पहिल्या दोन महिन्यांत दोन आणि गेल्या तीन आठवड्यांत सहा असतील, तर आकड्यापेक्षा तो कल मला जास्त सांगून जातो.

ज्यांनी महिनोन्महिने रोज घेतलीय त्यांनी एकदम बंद केल्यावर काही दिवस प्रचंड झोप, भूक आणि खोल उदासी येऊ शकते, आत्महत्येचे विचारही. अशा माणसाने एकट्याने झुंजू नये, डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवावं. तुमच्या प्रमाणात त्याची भीती नाही, तुम्ही आजच थांबू शकता.

पट्टी संपल्यावर काय, हाही विचार करा. मित्राच्या गोळ्या मोजून मिळालेल्या असतात. तो देऊन देऊन किती देईल? मग लोक इंटरनेटवर किंवा ओळखीच्या ओळखीतून घेतात. अमेरिकेत अ‍ॅडरॉल (एडीएचडीवरची एक उत्तेजक गोळी) म्हणून विकल्या गेलेल्या बनावट गोळ्यांमध्ये मेथॅम्फेटामिन हे नशेचं उत्तेजक आणि फेंटानिल हे अतितीव्र वेदनाशामक सापडलंय. छाप, रंग, आकार हुबेहूब. फेंटानिलचे दोन-तीन मिलिग्रॅम माणसाचा श्वास थांबवायला पुरतात, आणि डोळ्यांनी ते ओळखण्याचा कोणताही उपाय नाही. शिवाय मिथाइलफेनिडेट आणि अ‍ॅम्फेटामिन ही दोन्ही औषधं १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार कडक नियंत्रणाखाली आहेत. बहुतेक देशांत दुसऱ्याला एक गोळी देणंही गुन्ह्यात मोडतं, पैसे घेतले नसले तरी. मैत्रीत दिली म्हणून कायदा सोडत नाही, आणि देणाराही अडकू शकतो.

आता, सांगावं की दडवावं. सांगा. पहिल्या भेटीत, पहिल्या दहा मिनिटांत. मी सगळ्या डॉक्टरांच्या वतीने हमी देऊ शकत नाही. काही जण हे ऐकून भुवया उंचावतील, एखादा म्हणेल की तुम्हाला फक्त गोळ्या हव्यात. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत असं वागलोय. एका माणसाने खरं सांगितलं आणि मी त्याला नीट न तपासता झोपेवर चार शब्द सांगून परत पाठवलं. दोन वर्षांनी तो दुसऱ्या डॉक्टरांच्या निदानाचा कागद घेऊन आला, तोवर नोकरी गेलेली होती. त्याला खरोखरच एडीएचडी होता. तो प्रामाणिक होता आणि त्या प्रामाणिकपणाची शिक्षा मी त्याला दिली, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून कोणी असं सांगितलं की मी आधी त्याचे आभार मानतो. तुमचं बोलणं न ऐकता कोणी परत पाठवलं, तर दुसरा डॉक्टर गाठा. पण दडवू नका, कारण दडवलं तर वाढलेली नाडी, उडालेली झोप, उतरलेलं वजन या सगळ्याचा अर्थ आम्ही चुकीचा लावतो.

आणि जाताना गोळीच्या अनुभवापेक्षा बालपणाच्या आठवणी घेऊन जा. एडीएचडी विसाव्या वर्षी नव्याने उगवत नाही. २०१३ पासून वापरात असलेल्या निकषांनुसार काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात, ती घर, शाळा, काम अशा किमान दोन ठिकाणी अडचण करणारी असावी लागतात, आणि मोठ्या माणसात एका गटातली (लक्ष न लागणं किंवा अतिचंचलपणा-उतावीळपणा) निदान पाच लक्षणं लागतात. म्हणून शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं सापडली तर न्या. गुणांपेक्षा शेरे बघतो आम्ही: "हुशार आहे, पण लक्ष नसतं", "वह्या अपूर्ण", "बडबड फार". आईला किंवा मोठ्या भावंडाला विचारा की तुम्ही सात-आठ वर्षांचे असताना कसे होतात. विचारताना एडीएचडी हा शब्द काढू नका, नाहीतर त्या शब्दाला जुळणाऱ्याच आठवणी निघतील. दोन आठवड्यांची झोपेची वही न्या. घोरणं, थकवा, उदासी, सततची काळजी यांतलं काही असेल तर सांगा. थायरॉइड, रक्तक्षय, झोपेत श्वास अडखळणं, नैराश्य, चिंता, ही सगळी लक्ष न लागण्याचा वेष घेऊन येतात, आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत.

निदान झालंच, तर तेच औषध तुम्हाला कदाचित रीतसर मिळेल, आणि नीट देखरेखीखाली ते खरोखर आयुष्य बदलणारं ठरू शकतं. मी ते दर आठवड्याला लिहून देतो. उत्तेजक औषध तुम्हाला योग्य नसेल तर अ‍ॅटोमॉक्सेटिनसारखी उत्तेजक नसलेली औषधंही आहेत, त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. निदान झालं नाही, तरी "डोकं शांत झालं" हे वाक्य खोटं ठरत नाही. इतकी वर्षं ते अशांत कशाने होतं, हा शोध तरीही घ्यायचाच आहे.

त्या आठ-नऊ वेळांत कधी छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलात, हृदयाचे ठोके चुकल्यासारखे वाटले, किंवा कोणी आपल्यावर नजर ठेवतंय असं वाटलं असेल, तर भेटीची तारीख मिळेपर्यंत थांबू नका, याच आठवड्यात तपासून घ्या. यांतलं काही आत्ता होत असेल, किंवा अंग भयंकर तापलंय आणि बोलणं असंबद्ध होतंय, तर सरळ तातडीच्या विभागात जा आणि काय, किती, कधी घेतलं ते तिथल्या डॉक्टरांना सांगा.

परीक्षा किती दूर आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. महिना-दीड महिना असेल तर तेवढ्यात निदान आणि डोस दोन्ही बसतीलच असं नाही, आणि त्या घाईपोटी उरलेल्या चार गोळ्यांकडे हात जाईल हे मला माहीत आहे. त्या गोळ्या मित्राला आज परत द्या, आणि भेटीची वेळ घेताना "लक्ष लागत नाही, एडीएचडी आहे का हे तपासायचं आहे" असं सांगा, म्हणजे तुम्हाला दहा मिनिटांऐवजी तासाभराची वेळ मिळण्याची शक्यता वाढेल. तोवर रात्री साडेअकराला पुस्तक मिटा आणि उशाशी वही ठेवा. झोपायची वेळ, उठायची वेळ, एवढंच लिहायचं.